पालीचा कारपेट एरिया

मुंबईच्या उपनगरात घराची चौकशी ठरावीक प्रश्नांनी होते. कारपेट किती, मजला कितवा, स्टेशन चालत किती मिनिटं, पाणी दिवसभर की सकाळचे दोन तास, आणि पार्किंग मिळणार की ‘बघू’. मे महिन्यात दुपारी अडीच वाजता या घरात नेमकं कुठे बसलं म्हणजे जिवाला बरं वाटेल, हा प्रश्न ब्रोकरला कुणी विचारत नाही. विचारलाच, तर ‘पार्टी सीरियस नाही’ असं मनाशी म्हणत तो किल्ली खिशात टाकेल. हाच प्रश्न एका जिवाच्या बाबतीत मात्र सगळ्यात आधी विचारतात. तो जीव म्हणजे लेपर्ड गेको, आपल्या भाषेत बिबट्या पाल. कुत्र्याला जागा नाही आणि मांजराची ॲलर्जी आहे, अशा अंधेरी-बोरिवली किंवा घाटकोपर-मुलुंडच्या घरात कॉलेजात जाणारं एखादं पोर ‘मला गेको पाळायचाय’ असं जाहीर करतं, तेव्हा घरच्यांचा सगळा आक्षेप पालीवर असतो. माझं म्हणणं असं, की पालीवर तोंडसुख घेण्याआधी तिच्या घराचा नकाशा एकदा वाचावा. त्या काचेच्या पेटीचे नियम आपल्या फ्लॅटच्या नियमांपेक्षा शहाणे आहेत. आपण घर जागेच्या हिशेबाने बांधतो. पेटी राहणाऱ्याच्या हिशेबाने मांडावी लागते. वीस वर्षांचं कर्ज काढूनही घराबद्दल जे कळत नाही, ते पेटी मांडताना पंधरवड्यात कळतं.

आधी पाहुणी कोण ते पाहू. युब्लेफारिस मॅक्युलॅरियस हे तिचं शास्त्रीय नाव. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला कोरडा, खडकाळ मुलूख हे तिचं माहेर. तिच्या चुलतबहिणी आपल्याकडेही आहेत. युब्लेफारिस फस्कस महाराष्ट्रात आढळते, आणि सातपुड्यातली एक जात झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली जगापुढे आणली. ही पाल आपल्या ट्यूबलाइटमागच्या पालीहून दोन बाबतींत वेगळी. एक म्हणजे तिला पापण्या आहेत. घरच्या पालीला त्या नसल्यामुळे ती डोळे जिभेने पुसते आणि चोवीस तास आपल्याकडे टक लावून बघते. बिबट्या पाल डोळे मिटून झोपते. दुसरं म्हणजे तिच्या बोटांना चिकटण्याच्या गाद्या नाहीत. काचेवर किंवा भिंतीवर तिला चढता येत नाही. घरातल्या मुख्य आक्षेपाचा निकाल इथेच लागतो. अंगाच्या कुठल्या भागावर पाल पडली की काय फळ मिळतं, याचं कोष्टक पंचांगात असतं, आणि ते पाठ असलेली एक तरी मावशी प्रत्येक कुटुंबात असते. पण जी पाल छतावर पोचतच नाही, ती खांद्यावर पडणार कुठून? शास्त्राधाराने पाहिलं तर पल्लीपतनापासून पूर्ण मोकळी अशी पाळण्याजोगी पाल हीच.

आता जागेचा हिशेब. पूर्ण वाढलेली बिबट्या पाल शेपटीसकट वीस ते पंचवीस सेंटिमीटर भरते. एका पालीच्या पेटीचा तळ निदान ९० बाय ४५ सेंटिमीटर असावा, असं जाणकार सांगतात. साडेबावीस सेंटिमीटरची पाल धरली, तर पेटीची लांबी तिच्या चौपट आणि रुंदी दुप्पट झाली. हेच प्रमाण पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला लावून पाहावं. त्याला ६.६ बाय ३.३ मीटरची खोली लागेल. हे होतात सुमारे २३५ चौरस फूट, आणि तेही एकट्याला. कारण बिबट्या पालीची पेटी वाटून घ्यायची नसते. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांचे लचके तोडतात, आणि बाकीच्या जोड्याही गर्दीने खंगतात. या मापाने चौघांच्या कुटुंबाला ९४० चौरस फूट कारपेट हवा. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घराचं माप २२५ चौरस फुटांपासून सुरू झालं, पुढे २६९ वर गेलं आणि आता ३०० वर आहे. चौघांत वाटलं तर माणशी ७५. म्हणजे पालीला जे किमान समजतात, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही माणूस पोचत नाही. आणि पेटीत ९० म्हणजे ९०च. जिना, लिफ्ट, लॉबी आणि कधीच न उघडणारं क्लबहाउस यांचा वाटा पालीच्या माथी मारून तिला ‘सुपर बिल्ट-अप’ कुणी विकत नाही. कारपेटची व्याख्या पक्की करायला माणसाला २०१६ चा रेरा कायदा यावा लागला.

या हिशेबावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की शेपूट धरून माप घेणं ही लबाडी आहे, माणसाला शेपूट कुठे आहे? आक्षेप रास्त आहे, म्हणून शेपूट वगळून पाहू. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाल पंधरा सेंटिमीटर धरली, तर पेटी तिच्या सहापट लांब आणि तिप्पट रुंद ठरते, आणि माणसाच्या वाट्याला सव्वापाचशे चौरस फुटांची खोली येते. शेपूट काढली की हिशेब आपल्यावर आणखी उलटतो; ती राहू दिलेली बरी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पाल जन्मभर पेटीत राहते, माणूस घराबाहेर पडतो, त्यामुळे त्याच्या जागेत सगळं गाव धरायला हवं. तत्त्व म्हणून मान्य. पण बोरिवलीचा माणूस सकाळी घराबाहेर पडून जातो कुठे, तर चर्चगेट लोकलमध्ये. तिथल्या गर्दीला खुद्द रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभे प्रवासी. बाहेरची जागा हिशेबात धरून सरासरी काढायला गेलं, तर ती वाढण्याऐवजी घसरते. घरी परतल्यावर पाऊणशे चौरस फूट त्याला प्रशस्त वाटतात, यात घराचं कौतुक काही नाही.

पण चौरस फूट हा या गोष्टीतला खरा मुद्दाच नव्हे. पेटी मोठी असून चुकीची असू शकते. पालीला स्वतःचं शरीर आतून तापवता येत नाही. ऊब हवी तर तिला उठून उबेत जावं लागतं आणि गारवा हवा तर गारव्यात. म्हणून पेटीचं एक टोक उबदार ठेवतात, जमिनीशी तीस ते बत्तीस अंश, आणि दुसरं टोक चोवीस-सव्वीस अंशांवर. मधल्या पट्ट्यात कुठे बसायचं हे पाल ठरवते. जेवल्यावर ती पचनासाठी उबेकडे सरकते, पुरे झालं की परत फिरते. परदेशी पुस्तकं ही व्यवस्था समजावताना बहुतेक पानं ऊब कशी निर्माण करावी यावर खर्च करतात, कारण ती थंड देशांत लिहिलेली असतात. घाटकोपरला अडचण नेमकी उलटी. इथे गरम बाजू फुकट मिळते, विकत घ्यावी लागते ती थंड बाजू. मे महिन्यात खोलीतच तेहतीस अंश असतील, तर पेटीची दोन्ही टोकं गरमच राहतात, आणि पेटीखालून ऊब देणारी हीट मॅट बंद ठेवूनही पालीला सुटका नसते. मग तिच्यासाठी एसी लावावा लागतो. आणि इथे एक जुनं भांडण मिटतं. एसी किती अंशांवर ठेवायचा यावरून ज्या घरात रिमोट उशीखाली घेऊन झोपतात, तिथे पालीने चोवीसचा निकाल दिलेला असतो. योगायोग असा, की १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या एसीचं मूळ सेटिंगही सरकारने चोवीस अंशच ठरवून दिलं आहे. आजोबांचं न ऐकणारी सून आणि सुनेचं न ऐकणारे आजोबा केंद्र सरकार आणि पाल दोघांचं मिळून ऐकतील, अशी आशा धरायला हरकत नाही.

म्हणून हीट मॅट माळ्यावर टाकायची असं मात्र नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तितकं खाली आता जात नसलं, तरी जानेवारीच्या पहाटे मुलुंडला शाल शोधावी लागते आणि एसीच्या खोलीत तर बारा महिने ऊब पुरवावी लागते. मॅट तळाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याखाली बसवायची आणि थर्मोस्टॅटवाचून कधीही चालवायची नाही, नाहीतर फरशी तव्यासारखी तापून पालीचं पोट भाजतं. वर वाळू पसरावी असं चित्रं पाहून वाटतं, पण शिकार पकडताना वाळू पोटात जाऊन आतडी तुंबण्याची भीती असते. त्यापेक्षा फरशी बरी. उपनगरातल्या एकाही घराला फरशी विकत आणावी लागणार नाही. बाथरूम नवं केल्यानंतर उरलेल्या चार टाइल्स ‘पुढेमागे लागतील’ म्हणून प्रत्येकाच्या माळ्यावर असतात, आणि त्या लागण्याचा दिवस हाच. तापमान मोजायचं तर २०२० साली सोसायटीच्या गेटवर वॉचमन आपल्या कपाळावर जी पिस्तुलं रोखत असे, त्यांपैकी एखादं ऑफिसच्या कपाटात पडून असेल. त्यातल्या बऱ्याच यंत्रांना वस्तूच्या पृष्ठभागाचं तापमान सांगणारं बटण असतं, ते दाबून फरशीवर धरायचं. दोन टोकांना दोन वेगळे आकडे दिसले की पेटी जमली. तेच यंत्र मग सहज आपल्या हॉलवर फिरवून पाहावं. चारही कोपऱ्यांत एकच आकडा येतो.

तो तसा का येतो, याचं उत्तर गॅलरीत आहे. म्हणजे जिथे पूर्वी गॅलरी होती तिथे. जुन्या चाळीत आणि पहिल्या पिढीच्या सोसायट्यांत खोलीबाहेर एक उघडी पट्टी असायची. संध्याकाळी वडीलधारे तिथे खुर्ची टाकत, रात्री पोरं तिथे पथारी पसरत, आणि स्वयंपाकघराच्या उबेत कंटाळलेली बाई पाच मिनिटं कठड्याला टेकायची. घराला गरम टोक होतं आणि थंड टोक होतं. पुढे आपणच हौसेने भिंत पाडून गॅलरी हॉलमध्ये घेतली, वर सरकत्या काचा बसवल्या आणि ‘हॉल केवढा मोठा झाला’ म्हणून नातेवाइकांना बोलावून दाखवला. पाल पाळणारा कुणीही सांगेल, की थंड टोक भरून काढून पेटी मोठी होत नाही, तिची निवड संपते. दर मे महिन्यात विजेच्या बिलातून आपण त्या पाडलेल्या भिंतीचे हप्ते फेडतो, मग बिल मुलुंडप्रमाणे महावितरणचं असो नाहीतर अंधेरीप्रमाणे अदानीचं.

दुसरा नियम ओलाव्याचा. पालीला एकंदर कोरडी हवा मानवते, तीस-चाळीस टक्के आर्द्रतेची. कात टाकताना मात्र तिला एक दमट कोनाडा लागतो, नाहीतर बोटांवर कात अडकून बोटंच गळतात. कात निघाली की ती स्वतःच खाऊन टाकते; माळ्यावर काही ठेवत नाही. हा कोनाडा तयार करायला मराठी घर जन्मापासून सज्ज आहे. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्यायचा, झाकणाला पाल जाईल एवढं भोक पाडून कडा घासून गुळगुळीत करायची, आत ओला टिश्यू पेपर नाहीतर भिजवून पिळलेला कोकोपीट घालायचा, आणि डबा उबदार बाजूला ठेवायचा. झालं दमट घर. सबंध पेटी कोरडी ठेवणं हे मात्र खरं दिव्य. २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झेललेलं हे शहर. साध्या पावसाळ्यातही इथली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, मीठ बरणीतच विरघळतं आणि चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते. अशा वेळी पालीसाठी जाळीचं झाकण, हवा खेळती राहील अशी मांडणी आणि भिंतीवर हायग्रोमीटर एवढा बंदोबस्त केला जातो. घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे पडत असताना आपण काय बंदोबस्त करतो? कपाट पुढे ओढतो, म्हणजे ओल दिसत नाही.

तिसरा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पेटीत आडोसे हवेत, आणि एक नव्हे, तीन. उबदार बाजूला एक, थंड बाजूला एक आणि तो दमट डबा. अर्धी फुटलेली कुंडी उपडी घातली तरी चालते. तीन बाजूंनी बंद, दार एकच, आणि आत शिरल्यावर पाठ छताला टेकेल इतकी ठेंगणी. आडोसा एकाच टोकाला ठेवला, तर पालीला सुरक्षितता आणि योग्य तापमान यांतून एकच निवडावं लागतं, आणि भेदरलेली पाल सुरक्षितता निवडून आजारी पडते. आता वन बीएचकेत राहणाऱ्या पाच जणांचे आडोसे मोजू. हॉल टीव्हीचा, बेडरूम ज्याला सकाळी लवकर उठायचंय त्याची, स्वयंपाकघर रहदारीचं. दाराला आतून कडी असलेली, जिथे कुणी ‘काय करतोस?’ असं विचारत नाही अशी जागा एकच उरते, आणि म्हणूनच घरातला कर्ता पुरुष मोबाइल घेऊन तिथे पाऊण तास बसतो. त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. तो फक्त दमट आडोशाला गेलेला असतो. इथे कुणी म्हणेल, की मग विकतची पाल कशाला, घरात फुकटची आहेच की. जरूर आहे, आणि तिच्याकडे नीट पाहिलं तर माझा मुद्दाच सिद्ध होतो. दिव्यामागे ऊब आणि आयते किडे, बाथरूमच्या खिडकीत गारवा, आणि हार घातलेल्या तसबिरीमागे आडोसा. ज्या फ्लॅटमध्ये आपल्याला एक धड कोपरा सापडत नाही, त्याच फ्लॅटमध्ये तिने तीनही नियम पाळून संसार थाटला आहे. मेंटेनन्स भरतो आपण. खरी राहते ती.

जेवणाच्या बाबतीत मात्र बिबट्या पाल उपनगराची कसोटी बघते. तिला हलतं, जिवंत खाद्य लागतं: रातकिडे, मीलवर्म, खास वाढवलेली डुबिया झुरळं. ओट्याखाली सापडलेलं झुरळ चालत नाही, कारण त्याच्या पोटात आपण फवारलेलं औषध असू शकतं. त्यामुळे एकाच घरात दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोलवाला येतो आणि त्याच घरात दुसऱ्या झुरळांचा डबा हळुवार हातांनी उघडून त्यांना गाजराचे काप घातले जातात; किड्याने चांगलं खाल्लं तरच पालीला त्यातून पोषण मिळतं. ‘फक्त शाकाहारी कुटुंबांसाठी’ अशा इमारतीत रातकिडा मांसाहारात धरावा की नाही, हा प्रश्न सर्वसाधारण सभेपुढे येईल तेव्हा इतिवृत्त वाचण्यासारखं होईल. पण उपासाच्या बाबतीत ही पाल कुणाला हार जाणार नाही. मोठी पाल दोन-तीन दिवसांआड जेवते, आणि वेळ आली तर जाड शेपटीत साठवलेल्या चरबीवर काही आठवडे काढते. किड्यांवर कॅल्शियम आणि डी३ ची पूड भुरभुरावी लागते, नाहीतर हाडं वाकतात. हेही उपनगराला नवं नाही. शेजारचा टॉवर ऊन अडवतो म्हणून आपल्याकडेही डॉक्टर आठवड्याला एक डी३ ची पुडी लिहून देतात. फरक एवढाच, की पालीच्या पेटीत उजेड कमी पडला तर पाळणारा दिवा बदलतो. माणसाला पुडी देतात आणि टॉवर तसाच ठेवतात.

सोसायटी काय म्हणेल, ही भीती खोटी नाही. पण कमिटीची बाजू लंगडी आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केलं आहे, की रहिवाशांना पाळीव जनावरं ठेवू देणार नाही असा ठराव सोसायटीला करता येत नाही. तो खटाटोप मुख्यतः कुत्र्यामांजरांसाठी होता, पण भुंकत नाही, लिफ्टमध्ये येत नाही आणि पेटीचा एक कोपरा ठरवून तिथेच शी करते, अशा प्राण्यावर आक्षेप घ्यायला सेक्रेटरीला बरीच कल्पनाशक्ती लागेल. शिवाय ज्या पट्ट्यात खरा बिबट्या येऊन जातो, तिथे ठिपक्यांची भीती शोभत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरीच्या शेर-ए-पंजाब भागात आणि जानेवारी २०१८ मध्ये मुलुंडच्या नाणेपाड्यात बिबट्या वस्तीत शिरला होता. राष्ट्रीय उद्यानालगतच्या इमारतींत तर कंपाउंडवरून चालणाऱ्या बिबट्याची क्लिप व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभ सकाळच्या फुलांबरोबर फिरते. आणि इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखालच्या सगळ्या सभा होऊन घरं रिकामी करायची वेळ आली, तर एकाच रहिवाशाचं घर जसंच्या तसं उचलून भाड्याच्या जागेत नेता येईल. तिला कॉर्पस नको, वाढीव जागा नको, आणि ‘आमची खिडकी पूर्वेला होती’ असं ती नव्या इमारतीत दहा वर्षं ऐकवणार नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप शेवटी घेतो, कारण त्याला चेष्टेने उत्तर देता येत नाही. रानातल्या जिवाला काचेत कोंडायचं कशाला? तुमची दोन टोकं, तीन आडोसे हे सगळं तिला रानात फुकट मिळतच होतं. हे खरं आहे, आणि म्हणून रानातून पाल उचलून आणण्याला कसलंही समर्थन नाही. सातपुड्यातली पाल सातपुड्यातच राहावी. तिथेही विषारी समजून तिला दगड मारू नये, कारण पालींची एकही जात विषारी नाही. विकतच्या पालीबाबतही डोळे उघडे ठेवायला हवेत. नशीब उघडतं म्हणून तारांकित कासव घरात ठेवणाऱ्यांच्या दारात नशिबाऐवजी वनखातं आल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. २०२४ मध्ये परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले. आणि २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राण्यांच्या दुकानाला राज्याच्या मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. ‘पेपर आहेत, काळजी करू नका’ हे वाक्य म्हणजे पेपर नव्हेत. पालीचा प्रकार, तिचं मूळ आणि दुकानाची नोंद हे लिहून वनखात्याला विचारावं आणि लेखी उत्तर आल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नये. त्यातून घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर पाल त्याच्या हाती देऊ नये, आणि मोठ्यांनीही हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. आणि आयुष्य? चांगली ठेवली तर ती पंधरा-वीस वर्षं जगते. कॉलेजातलं पोर नोकरीला पुण्याला जाईल, लग्न करेल, आणि संध्याकाळी चिमट्यात रातकिडा धरून पेटीशी बसायचं काम त्याच आईकडे येईल, जिने पहिल्या दिवशी जेवण सोडलं होतं.

म्हणून माझा सल्ला असा, की आधी पेटी मांडावी आणि पाल आणू नये. सरकारी उत्तर यायला वेळ लागतोच. तो वाया घालवू नये. एक मे महिना आणि एक जुलै महिना ती रिकामी पेटी चालवून पाहावी. दोन टोकांना दोन तापमानं राहतात का, हायग्रोमीटरचा काटा चाळिसाच्या आसपास थांबतो का, तीनही आडोसे जागेवर आहेत का, आणि रोज हे सगळं बघायला घरातलं कोण आठवणीने उठतं, हे लिहून ठेवावं. जमलं, आणि कायद्याचं उत्तरही सरळ आलं, तर पुढचा विचार करावा. नाही जमलं तरी नुकसान नाही. एका जिवाला बरं वाटावं म्हणून काय काय लागतं, त्याची तोवर यादी तयार झालेली असते: बसायची जागा बदलण्याची मुभा, ओल येऊ न देणारी भिंत, डोळ्यांना पुरेल एवढा उजेड, आणि कुणी हाक मारणार नाही असा एक कोपरा. ती यादी घेऊन आपल्याच हॉलमध्ये फिरावं. सरकत्या काचा काढून गॅलरी पुन्हा उघडी करता येते का, ओलीवर कपाट ओढण्याऐवजी गिलावा करता येतो का, आजीच्या पलंगाला एक पडदा लावता येतो का, ते बघावं. आणि पेटी, थर्मोस्टॅट, हायग्रोमीटर यांचा खर्च प्राण्यांच्या हौसेच्या खाती न मांडता घरदुरुस्तीच्या खाती मांडावा. इंटिरियरवाल्याच्या सल्ल्यापेक्षा स्वस्त पडतो.